'नवबौद्ध' लिहायचं की 'बौद्ध'? शाळेच्या स्मरणिकेवरून पडलेला प्रश्न

नदीकाठ (धागाकर्ती)

आमच्या गावच्या हायस्कूलला यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि संपादन माझ्याकडे आलं. आठवीत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांवर मी स्वतः लेख लिहिला. सर आता पंचाहत्तरीत आहेत. लेखाचं पहिलंच वाक्य असं होतं : 'नवबौद्ध समाजातून आलेले आमच्या शाळेचे पहिले पदवीधर शिक्षक'.

छपाईआधी तो लेख दाखवायला मी त्यांच्या घरी गेले. सरांनी चष्मा पुसला, टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं (अजून तेच, रेनॉल्ड्सचं) आणि आमच्या वह्या तपासायचे तसे ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. पहिल्याच ओळीत थांबले. 'नव' या दोन अक्षरांवर एक आडवी रेघ मारली, समासात प्रूफ तपासणारे काढतात तशी काढून टाकण्याची खूण केली आणि पुढे वाचत गेले. चार पानांत दुसरी एकही दुरुस्ती नाही. कागद परत देताना म्हणाले, "वेलांट्या बरोबर आहेत हो सगळ्या."

मी विचारलं, "सर, नवबौद्ध चुकीचं आहे का?"

ते म्हणाले, "चूक कसं म्हणू? सरकारी कागदात तेच असतं. पण वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हा आम्ही नवे होतो, खरंय. आता माझी नात कॉलेजात आहे गं."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. इतकी वर्षं मी तो शब्द सहज वापरत आले होते. उलट तोच अदबीचा शब्द आहे, जात न काढता बोलण्याची ती रीत आहे, असं मला वाटत होतं.

माझ्या सहसंपादकांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, शासन नवबौद्ध लिहितं, वर्तमानपत्रं लिहितात, मग आपल्यालाच काय अडचण? नुसतं 'बौद्ध' लिहिलं तर पुढच्या पिढीला संदर्भ कळणार नाही, कंसात 'पूर्वाश्रमीचे महार' टाका. ते वाईट बुद्धीने बोलत नाहीत, पण कंसाची कल्पना मला मुळीच पटलेली नाही.

शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. शाळेचा १९६२चा वार्षिक अहवाल आम्ही स्मरणिकेत पुन्हा छापतोय. त्यात 'हरिजन विद्यार्थ्यांचे वसतिगृह' असं आहे. ते तसंच ठेवायचं की बदलायचं?

इथे जाणकार आहेत, आणि ज्यांचा हा स्वतःचा प्रश्न आहे असेही बरेच जण आहेत. मनापासून विचारतेय.

वर्धेकर

ताई, विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक विचारत नाहीत.

माझे आजोबा-आजी १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होते. तेव्हा तिथे मोकळं मैदान होतं. आजीकडे पांढरं लुगडं नव्हतं. शेजारणीकडून धुवट पातळ मागून आणलं आणि गावातल्या बायांसोबत ती निघाली. बाबासाहेबांनी आधी स्वतः भदन्त चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजी शाळेत गेली नव्हती, पण त्या प्रतिज्ञा तिला अखेरपर्यंत पाठ होत्या. शेवटच्या प्रतिज्ञांपैकी एकीत, आज माझा नवा जन्म होतो आहे, असं प्रत्येकाने म्हणायचं होतं. आजी तिथे आली की आवाज चढवायची.

म्हणजे 'नव' हा शब्द आमच्यासाठी कधी काळी आनंदाचा होता. पण बारसं एकदाच होतं. मूल मोठं झालं, त्याला नातवंडं झाली, तरी तुम्ही त्याला 'नवजात' म्हणत राहिलात तर त्याला काय वाटेल?

आता खटकतं काय, तेही सांगतो. २००९मध्ये मी नोकरीसाठी पुण्यात खोली शोधत होतो. एका घरमालकांनी आडनाव विचारलं, त्यावरून काही कळेना, मग धर्म विचारला. मी म्हणालो बौद्ध. ते म्हणाले, "बौद्ध म्हणजे... नवबौद्ध ना?" त्या 'ना' मध्ये सगळं होतं. खोली मिळाली नाही. आमच्याकडे हा शब्द साधारण याच कामासाठी वापरला जातो. समोरच्याने धर्म सांगितला की त्याला जातीवर परत नेऊन उभं करायचं.

तुमच्या सरांनी दोन अक्षरं खोडली, त्यामागे हे सगळं असणार.

निवृत्त कारकून

समाजकल्याणच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. शब्द कागदावर कसा आला ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय वाद अर्धवट राहतो.

अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १९५०चा. त्यात अट होती की हिंदूखेरीज दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीला अनुसूचित जातीची मानायचं नाही. १९५६मध्ये त्यात शीख धर्म जोडला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे 'बौद्ध' लिहिलं त्याची केंद्राची सवलत गेली. नोकरी गेली, शिष्यवृत्ती गेली, राखीव जागाही गेली. १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती या लोकांना दिल्या. त्यासाठी कागदाला एक शब्द हवा होता. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेली व्यक्ती, एवढं लांब दरवेळी कोण लिहिणार? म्हणून नवबौद्ध. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात घेतलं ते १९९०मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना. मध्ये चौतीस वर्षं गेली.

त्या चौतीस वर्षांतले दाखले मी हाताळले आहेत. बापाच्या दाखल्यावर 'बौद्ध', थोरल्या मुलाच्या 'हिंदू-महार', धाकट्याच्या पुन्हा 'बौद्ध'. घर एकच, भिंतीवर बुद्धाची तसबीर एकच. कोणी पोटासाठी एक लिहिलं, कोणी मनासाठी दुसरं. ज्यांनी मनासाठी लिहिलं त्यांनी केवढी किंमत मोजली, ते टेबलाच्या या बाजूने मी पाहिलेलं आहे.

शासनाच्या योजनांत आजही 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हा जोडशब्द आहे. निवासी शाळा, स्वाधार, रमाई आवास, विहिरीसाठीची कृषी स्वावलंबन, सगळीकडे. पण तो पात्रतेचा शब्द आहे. अर्जाच्या रकान्यात तो चालतो. माणसाची ओळख करून देताना आपण रकान्यातला शब्द कशाला घ्यावा?

अरुणोदय

थोडी वेगळी बाजू मांडतो, राग नसावा.

१३ ऑक्टोबर १९५६च्या संध्याकाळी नागपुरात पत्रकारांशी बोलताना खुद्द बाबासाहेबांनीच आपल्या मार्गाला 'नवयान' म्हटल्याचं नोंदलेलं आहे. हीनयान-महायानाच्या जुन्या भांडणात न पडता बुद्धाने जे सांगितलं ते घ्यायचं, असा त्याचा अर्थ. मग त्यांनीच 'नव' म्हटलं असताना त्यात अपमान कुठे आला?

दुसरं, अभ्यासाची सोय. लडाखचे बौद्ध आणि महाराष्ट्रातले बौद्ध यांचा इतिहास वेगळा, विधी वेगळे. लिहिणाऱ्याला हा फरक दाखवायला काहीतरी शब्द लागणारच.

लेणीवाट

अरुणोदय, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

'नवयान' हे मार्गाचं नाव आहे. यान नवं असू शकतं, म्हणजे बुद्ध वाचण्याची दृष्टी नवी असू शकते. आपल्या विचाराला 'नवा' म्हणण्यात अभिमान असतो. 'नवबौद्ध' हा माणसावर लावलेला शिक्का आहे. एक नाव ज्याचं त्याने आपल्या विचाराला दिलं, दुसरं इतरांनी माणसांना दिलं. हे दोन्ही एकच मानू नका.

आणि 'नव' म्हणजे कधीपासून? मी औरंगाबादची, मिलिंद कॉलेजात शिकले. ते बाबासाहेबांनी काढलेलं, १९५०चं. परिसराचं नाव नागसेनवन. राजा मिलिंद आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारे बौद्ध भिक्षू भन्ते नागसेन यांची नावं दीक्षेच्या सहा वर्षं आधी मराठवाड्याच्या माळावर लागली. मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६चं. त्याही मागे जा. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. म्हणजे ही वाट १९५६मध्ये एका दिवसात उगवलेली नाही.

लडाखबद्दल म्हणाल, तर तिथल्या बौद्धांना कोणी 'जुनेबौद्ध' लिहिताना मी पाहिलेलं नाही. त्यांना लडाखी बौद्ध म्हणतात. मग इकडे 'महाराष्ट्रातले बौद्ध' म्हणा, फरक दिसतोच. विचारधारेबद्दल लिहायचं असेल तर 'आंबेडकरी बौद्ध' म्हणा. हा शब्द आम्ही स्वतः वापरतो. शब्दांची वानवा नाही.

आकडेही बघा. १९५१च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१मध्ये जवळपास २८ लाख. कागदावर 'बौद्ध' लिहिल्याने काय जाणार हे माहीत असताना लोकांनी जनगणनेला येणाऱ्या माणसाला तसं सांगितलं. २०११मध्ये देशातल्या साधारण ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले. म्हणजे भारतात 'बौद्ध' म्हटलं की चारातले तीन आम्हीच आहोत. त्या तिघांना 'नव' आणि उरलेल्या एकाला नुसतं 'बौद्ध', हा हिशेब मला कधी कळला नाही.

अरुणोदय

यान आणि बौद्ध यांतला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. 'आंबेडकरी बौद्ध' हा शब्द चांगला आहे, लिहिताना वापरेन.

सह्यकडा

मला एक भीती वाटते. आज नवबौद्ध नको, काल हरिजन नको होता, परवा दलित शब्दावरून कोर्टात वाद झाला. साध्या माणसाने बोलायचं तरी काय? चुकून शब्द गेला की तो जातीयवादी ठरतो. मग लोक बोलणंच टाळतात. ते जास्त वाईट नाही का?

वर्धेकर

सह्यकडा, चुकून गेलेल्या शब्दावर आमच्यातला कोणी भांडायला उठत नाही हो. माझी आत्या परभणीच्या एका खेड्यात असते. तिथल्या म्हाताऱ्या पाटलीणबाई तिला अजून जुन्याच नावाने हाक मारतात आणि आजारपणात दोन वेळचा डबाही त्याच पाठवतात. आत्या काही बोलत नाही. पण त्यांच्या नातवाने तेच नाव घेतलं तेव्हा तिने त्याला उंबऱ्यावर बसवून समजावलं. पोराने ऐकलं. आता तो 'आत्या' म्हणतो.

बोलणं टाळू नका. सांगितल्यावर बदला, एवढंच.

लेणीवाट

'हरिजन'चा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगते. जानेवारी १९३८मध्ये मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायचा विषय निघाला. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी त्याला दुरुस्ती मांडली. ज्यांना हे नाव द्यायचं त्यांचे प्रतिनिधी सभागृहात उभे राहून नको म्हणत होते, आणि बहुमताने ती दुरुस्ती पाडली गेली. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य उठून बाहेर गेले. दुसऱ्याच्या नावावर मतदान झालं होतं! हा प्रसंग मला नेहमी आठवतो.

ऋद्धपूरची वाट

मी बौद्ध नाही. जन्माने महानुभाव पंथाची. हा धागा वाचून राहवलं नाही.

आपण सगळे ढोंगी माणसाला 'मानभावी' म्हणतो. 'काय मानभावीपणा करतोय!' हा शब्द आला कुठून, माहीत आहे? महानुभावचं बोलीत मानभाव झालं. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ ज्या पंथाने दिला, चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्या पंथाचं नाव मराठीने शिवी म्हणून ठेवून घेतलं. का? तर आमचे लोक काळे कपडे घालत, मूर्तिपूजेपासून लांब राहत, पोथ्या सांकेतिक लिपीत ठेवत. लपवतात म्हणजे लबाड असणार, असा समज झाला.

शाळेत पाचवी-सहावीत असताना बाईंनी वर्गात या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. एका मुलाने वाक्य केलं, बाई शाबास म्हणाल्या. त्या दिवशी घरी येऊन मी आजोबांना विचारलं. ते कोणालाही भेटले की 'दंडवत प्रणाम' म्हणणारे, मुंगीलाही वाट देणारे गृहस्थ. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, तू तो शब्द वापरू नकोस म्हणजे झालं."

मी वापरत नाही. 'ढोंगी' आहे, 'दांभिक' आहे, 'साळसूद' आहे. माझं मराठी त्याने कुठे अडलं नाही.

नदीकाठ

ऋद्धपूरची वाट, मी मराठीची पदवीधर आहे. लीळाचरित्र आम्हाला अभ्यासाला होतं. आणि तरीही 'मानभावी' हा शब्द मी गेल्याच महिन्यात एका लेखात लिहिलाय. तुमचे आजोबा डोळ्यांसमोर आले. यापुढे नाही लिहिणार.

कुळागर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडेही 'नव' आहे आणि त्याची गोष्ट उलट्या बाजूची आहे.

पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या गावड्यांपैकी पुष्कळांना १९२८मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी करून हिंदू केलं. त्यांचं नाव पडलं 'नवहिंदू गावडे'. शंभर वर्षं होत आली, अजून लोक म्हणतात नवहिंदू. आमच्या कुळागरात सुपारी पाडायला येणारे काका त्यांतले. धालो (बायकांच्या लोकनृत्याचा आमच्याकडचा उत्सव) आले की त्यांच्या मांडावर आम्ही सगळे जातो. मी लहानपणी विचारलं होतं, तुम्ही नवहिंदू म्हणजे कोण? ते म्हणाले, "आमी गावडे. ह्या भुंयेचे पयले." या मातीतले सगळ्यात जुने लोक, आणि त्यांनाच 'नव'! २००३मध्ये गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीत घेतलं तेव्हा कागदावर 'गावडा' आलं, ते त्यांना आवडलं.

म्हणजे 'नव' कुठल्याही धर्माच्या आधी लावा, त्याचा अर्थ एकच निघतो. तुम्ही दारात आहात, आत आलेला नाहीत.

चौलकर

अलिबागकडचं एक जोडतो. आमच्या भागात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या होती. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं जहाज फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. आडनावं बघाल तर केहीमकर, रोहेकर, नवगावकर, पेणकर, सगळी आपल्याच गावांची.

माझ्या वडिलांचे मित्र होते त्यांतले. मलिदा या त्यांच्या धार्मिक विधीच्या ताटात पोहे, नारळ, फळं असायची, आमच्या घरी वाटा यायचा. ते स्वतःला कधी शनिवार तेली म्हणाले नाहीत, आणि 'यहुदी'ही फारसं म्हणाले नाहीत. विचारलं की 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलची लेकरं. पुढे त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले आणि तिथे त्यांना वेगळाच अनुभव आला. हे लग्नसंबंधांसाठी पुरते यहुदी आहेत का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठाने उभा केला. मोठं आंदोलन झालं आणि १९६४मध्ये तो प्रश्न सुटला. इथे आपण त्यांना नुसते तेली म्हणालो, तिथे त्यांना पुरते यहुदी म्हणेनात. आणि मराठी मात्र त्यांनी तिथेही सोडली नाही. 'मायबोली' नावाचं मासिक काढलं.

बीडची लेक

मी बौद्ध. थोडं वेगळं सांगायचंय, वर्धेकरदादा समजून घेतील.

माझी आई भूमिहीन शेतमजूर. दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत जमिनीसाठी तिने अर्ज केला तेव्हा जाहिरातीत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असं होतं. आईला 'नव' शब्द टोचत नाही. तिला भीती वाटते ती हा शब्द कागदावरून गेला तर आपली जागाही जाईल याची. तिचं म्हणणं खोटं नाही. चौतीस वर्षं काय झालं ते वर कारकूनकाकांनी लिहिलंय. त्यामुळे योजनेच्या कागदावरचा शब्द बदलायचा तर आधी कायद्याची बाजू पक्की करा, मग बदला. तोवर कागदावर राहू दे.

पण लग्नपत्रिकेत, वर्तमानपत्रात, शाळेच्या स्मरणिकेत, सभेत ओळख करून देताना? तिथे बौद्धच.

आणि त्या कंसातल्या 'पूर्वाश्रमीचे महार'बद्दल. ताई, ते नका टाकू. पहिलं म्हणजे सगळे बौद्ध त्या जातीतून आलेले नाहीत. मातंग, चर्मकार, भटके, ओबीसी आणि इतरही कितीतरी जणांनी दीक्षा घेतलीय. दुसरं म्हणजे सोडलेलं घर पाठीवर बांधून फिरायला कोणाला आवडेल? आमच्यात काही जण महार हे नाव अभिमानानेही घेतात. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले माझे मामा घेतात. पण ते त्यांनी घ्यायचं. तुम्ही कंसात घालायचं नाही.

वर्धेकर

समजून घेतलं, ताई. तुमच्या आईचं म्हणणं माझ्यापेक्षा वजनदार आहे.

निवृत्त कारकून

वस्त्यांच्या नावांचाही उल्लेख व्हायला हवा. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावं सुचवली. जुन्या नावांच्या यादीत महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा होतेच, पण बौद्धवाडाही होता. तेव्हा एका वस्तीतल्या ज्येष्ठांनी मला सांगितलं होतं, "साहेब, बौद्धवाडा हे आम्ही स्वतः ठेवलेलं नाव. आधीची पाटी काढून आम्ही लावली होती." जातीचं नाव आणि स्वतः स्वीकारलेलं धम्माचं नाव एकाच यादीत बसवलं, याचं त्यांना दुःख होतं. वेशीबाहेरची वस्ती वेगळी राहू नये हा हेतू चांगलाच आहे. पण त्या ज्येष्ठांना आधी विचारलं असतं तर कदाचित त्यांनीच चांगलं नाव सुचवलं असतं.

१९६२च्या अहवालाबद्दल माझं मत : मूळ शब्द बदलू नका. तो त्या काळचा कागद आहे. फक्त खाली एक तळटीप द्या, की हा शब्द मूळ अहवालातला आहे, आज आम्ही तो वापरत नाही. जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नये अशी सूचना केंद्राने १९८२मध्येच दिलेली आहे.

लेणीवाट

तळटिपेला अनुमोदन. जुना कागद धुऊन काढला तर त्या वसतिगृहातल्या मुलांना काय म्हटलं जात होतं, हेही पुसलं जाईल.

आणखी एक छोटी गोष्ट. लेखात 'धर्मांतर' लिहिलंय की 'धम्मदीक्षा'? बऱ्याच जणांना धर्मांतर चालतं, बाबासाहेबांनीही तो शब्द वापरलाय. पण सरांच्या वडिलांबद्दल लिहिताना सर कुठला शब्द वापरतात ते विचारा.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा बैठक झाली, काय ठरलं ते कळवते.

पहिलं वाक्य बदललं. आता तिथे 'आमच्या शाळेचे पहिले बौद्ध शिक्षक' असंही नाही. सहसंपादकांना हा धागा वाचायला दिला होता. बीडची लेक यांचा प्रतिसाद वाचून त्यांनी कंसाचा हट्ट स्वतःहून सोडला आणि वर एक चांगला प्रश्न विचारला : सरांची ओळख धर्मावरून करून द्यायचीच कशाला? बाकीच्या शिक्षकांची दिलीय का? दिलेली नाही. मी तपासलं, खरंच एकाचीही नव्हती. आता लेख सुरू होतो तो सरांच्या ज्ञानेश्वरीच्या तासापासून. त्यांचं घर, वडिलांचा नागपूरचा प्रवास आणि बौद्ध असणं हे सगळं पुढे त्यांच्याच शब्दांत येतं. ते मी त्यांच्या समोर बसून उतरवून घेतलं.

सांगता सांगता सरांनी एक आठवण दिली, ती पूर्वी कधी कोणाला सांगितलेली नव्हती. वडील नागपूरहून परतले तेव्हा त्यांनी घरातला देव्हारा नदीवर नेला. आईने शेवटच्या क्षणी त्यातली पितळी समई काढून घेतली आणि म्हणाली, उजेडाला कसला धर्म? ती समई सरांकडे अजून आहे. बुद्धमूर्तीसमोर असते. मला दाखवली. एका बाजूने दबलेली आहे, पण लखलखीत घासलेली.

१९६२चा अहवाल आहे तसाच, तळटिपेसह.

काल शेवटचं प्रूफ घेऊन गेले. लेणीवाट, तुम्ही सांगितल्यावर मी 'धम्मदीक्षा' लिहिलं होतं, तरी डीटीपी करणाऱ्याने 'धर्मदीक्षा' करून ठेवलं होतं आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. सरांनी लाल पेनाने रफार खोडला, वर अर्धा म काढून दिला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर करायचे तशी खाली तारखेसह सही केली.